बाबांच्या मापाचा पिंजरा

४ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवं घर आणि नवी वही. जुन्या वहीत दहा-बारा पानं कोरी होती, पण बाबा म्हणाले, नव्या कामाची सुरुवात उरल्यासुरल्या कागदावर करू नये. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस, त्याला चिंध्यांचा कंटाळा असायचाच.

माझं काम सांगितलं की लोक खुर्ची जरा मागे घेतात. मी हाडं जोडते. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला जे सांगाडे ठेवतात ते काही आयते उगवत नाहीत. सुटी हाडं ओळखायची, साफ करायची, बारीक भोकं पाडून पितळी तारेनं बांधायची. सोळा वर्षं हेच करतेय. माझ्या हातचा सांगाडा कुठे करकरत नाही की लटपटत नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगते कारण दुसरं कुणी सांगत नाही.

कामाची खोली तळमजल्यावर आहे. उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या, जस्ताचा पत्रा मारलेलं लांब टेबल, कोपऱ्यात हात धुवायचं कुंड. राहायला त्याच इमारतीत वर दोन खोल्या. उन्हाची खोली बाबांनी पटकावली आणि खिडकीशी शिलाई मशीन मांडलं. डोळे अधू झाल्यापासून ते काही शिवत नाहीत, पण मशीन मागे ठेवून यायला तयार नव्हते. खुशीत आहेत. मीही आहे. किती तरी दिवसांनी आम्ही दोघं जेवताना हसलो.

५ तारीख, मंगळवार

विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण त्या व्हरांड्यात आल्या की विद्यार्थी भिंतीला चिकटतात. त्यांना या महिनाअखेरच्या परीक्षेसाठी छातीचा एक पूर्ण पिंजरा हवाय. आहेत ते दोन्ही मोडकळीला आलेत.

कपाटं दाखवायला इथला जुना परिचर आला. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. मी त्याला किल्लीकाका म्हणायला लागले, त्यालाही ते आवडलं. सगळ्यात खालच्या फळीवर एक लाकडी खोकं सापडलं. आत बरगड्या, बाराच्या बारा जोड्या, छातीचं मधलं हाड आणि पाठीचे बारा मणके. एकही तुटलेलं नाही. झाकणावर आतून चिठ्ठी होती : जोडू नये.

काका म्हणाला, माझ्या आधीच्या कारागिराचं अक्षर आहे, आणि तो विषय तिथंच सोडून चहाला गेला. हाडांना तारेची जुनी भोकं आहेत, म्हणजे हे एकदा जोडलेलं होतं. मला वाटतं, त्याला जमलं नसेल. नाचता येईना अंगण वाकडं.

७ तारीख, गुरुवार

दोन दिवस नुसत्या बरगड्या लावल्या. मला हे काम फार आवडतं. पहिली बरगडी आखूड, रुंद आणि कोयत्यासारखी वाकलेली. तिथून सातवीपर्यंत लांबी वाढत जाते, मग बारावीपर्यंत उतरते. डावी की उजवी हे कळायला बरगडीचं डोकं मणक्याकडे धरायचं आणि आतल्या अंगाची पन्हळ खालच्या कडेला यायला हवी. त्या पन्हळीतून शीर, धमनी आणि मज्जातंतू जातात.

जेवताना बाबांना सगळं समजावून सांगितलं. पहिल्या सात जोड्या थेट छातीच्या मधल्या हाडाला भिडतात, त्या खऱ्या. पुढच्या तीन वरच्या बरगडीचा आधार घेऊन उभ्या, त्या खोट्या. शेवटच्या दोन पुढे कुणालाच धरत नाहीत, त्या तरंगत्या. बाबा म्हणाले, आपल्या नातेवाइकांतही हेच तीन प्रकार आहेत, फक्त खऱ्या सात जोड्या काही भरत नाहीत. मग त्यांनी एकेकाला नाव घेऊन वर्गात बसवलं. आत्याबाई तरंगत्यांत गेल्या.

९ तारीख, शनिवार

अडचण आहे ती कूर्चेची. बरगडीचं हाड पुढे छातीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. मधला तुकडा कूर्चेचा असतो, कानाच्या पाळीसारखा लवचीक. हाडं शंभर वर्षं टिकतात, कूर्चा टिकत नाही. त्यामुळे मेलेल्या माणसाची कूर्चा किती लांबीची होती ते कुणालाच सांगता येत नाही. आम्ही चामड्याच्या पट्ट्या लावतो आणि लांबी पुस्तकातल्या तक्त्यावरून घेतो. पण पुस्तकातलं माप सगळ्यांचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं. तसे पिंजरे कपाटासारखे ताठ दिसतात.

आज बाबा बनियनवर बसले होते आणि माझ्या डोक्यात आलं की एवढी उघड छाती समोर असताना मी तक्ते कशाला चाळतेय? बाबांच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात. मी गळ्याखालच्या उंचवट्यावर बोट ठेवलं, तिथं दुसरी बरगडी मिळते, आणि तिथून खाली एकेक मोजत गेले. बाबांना गुदगुल्या होत होत्या. मग त्यांच्यातला शिंपी जागा झाला. स्वतःच टेप काढली, मला माप कसं घ्यायचं ते शिकवलं, तरंगत्या दोन जोड्या सोडून खाकी कागदावर वीसही पट्ट्या आखल्या आणि माझ्या हातातून चामडं घेऊन कापून दिल्या. डोळे अधू, पण कात्री कुठे चुकली नाही. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या आतलं अस्तर शिवतोय.

११ तारीख, सोमवार

पिंजरा पूर्ण झाला. खांबाला टांगला आणि मागे सरून पाहिला. इतका जिवंत पिंजरा माझ्या हातून कधी झाला नव्हता. मोठ्या बाई दोनदा फिरून पाहून गेल्या आणि एकदाही चूक काढली नाही. शेवटी घेर मोजून नोंदवहीत लिहिला, साडेसत्तावीस इंच.

किल्लीकाका दारापर्यंत आला, पिंजरा पाहिला आणि आत आला नाही. मी चिडवलं, काका, चावत नाही तो. त्याने विचारलं, माप कुणाचं? मी सांगितलं. तो किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून निघून गेला.

१३ तारीख, बुधवार

बाबा जिना चढताना मध्येच थांबले. म्हणतात, श्वास भरत नाही, वरच्या वर राहतो. हवा बदलली की होतं असं.

पिंजऱ्याचा घेर सहज पुन्हा मोजला. अठ्ठावीस इंच. चामडं ताणलं असेल. जेवून आल्यावर मोजला तर साडेसत्तावीस. टेप तीच, हात तोच, जागा तीच.

१४ तारीख, गुरुवार

भरदुपारी, उजेडात, दोन्ही खिडक्या उघड्या असताना पाहिलं. टेप पिंजऱ्याभोवती गुंडाळून टोक चिमटीत धरून बसले. टेप माझ्या बोटांतून सरकली. पाव इंच, अर्धा इंच, मग सैल पडली. पुन्हा सरकली.

बरगड्या वर उचलल्या जात होत्या. बादलीची कडी उचलावी तशा, दोन्ही बाजूंनी, बाहेर आणि वर. मग हळूच खाली. आम्ही विद्यार्थ्यांना हेच शिकवतो, श्वास घेताना बरगड्या अशाच हलतात. पण आत फुप्फुस नाही. पडदा नाही, स्नायू नाही. मधून पलीकडची भिंत दिसते. मग भरतंय काय?

टेप तशीच लोंबत सोडून मी वर पळाले. बाबा खुर्चीत बसले होते. त्यांना म्हटलं, मोठा श्वास घ्या, आणि दुसरी टेप छातीभोवती धरली. तीस इंच. बाबांनी खांदे उचलले, मान ताणली, तोंड उघडलं. टेप तीसवरच. एक सूतही हलली नाही. बाबा हसून म्हणाले, काय गं ठकू, गिऱ्हाईक आटलं की काय. मला रडू आलं ते मी खोकल्यात लपवलं.

१५ तारीख, शुक्रवार

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं. फुप्फुसं साफ, हृदय ठीक. फक्त छाती उचलली जात नाही, पोटाच्या जोरावर थोडा श्वास चाललाय. असं का, ते त्यांना सांगता येईना. तपासण्या लिहून दिल्या.

कालपासून मी खोटं बोलतेय, डॉक्टरांशी, बाबांशी. काय सांगू? की माझ्या बापाचा श्वास खाली खांबाला टांगलाय?

१६ तारीख, शनिवार

पिंजरा सोडवायचा ठरवलं. डावीकडच्या सातव्या बरगडीपासून सुरुवात केली. पक्कडीनं तार तोडली आणि पट्टी ओढून काढली, ती उभी फाटली. त्याच क्षणी वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

बाबा मशीनपाशी जमिनीवर होते, डाव्या कुशीवर हात दाबून. ओरडायलाही श्वास नव्हता. फोटो काढला. डावी सातवी बरगडी, पुढच्या टोकाशी तुटलेली. डॉक्टर विचारतात, कशावर आपटले? कशावरच नाही.

किल्लीकाका वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. मी त्याच्या समोर उभी राहिले आणि चिठ्ठी कुणी, का लिहिली ते विचारलं. त्याने आधी नुसती किल्ल्यांशी चाळवाचाळव केली.

मग म्हणाला, “त्याने बायकोचं माप घेतलं होतं, ताई. तिचा श्वास कमी व्हायला लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. घाबरून सगळ्या तारा एकदम तोडल्या त्याने. बाई घरी भाकरी थापत होत्या. तिथंच गेल्या.”

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंत. तो म्हणाला, लोकांनी त्या माणसाला वेडं ठरवलं, मलाही तेच वाटत होतं. वाटून घेणं सोपं होतं. हाडं जाळू दिली नाहीत त्याने. म्हणायचा, त्यात ती आहे.

काकाला काय दोष देणार? चिठ्ठी मी वाचली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथं बैलाच्या जागी माझे बाबा.

१८ तारीख, सोमवार

पिंजरा सोडवता येत नाही. तसाच ठेवता येत नाही. घेर आता सव्वाअठ्ठावीसपर्यंत जातो. तो रोज जास्त घेतोय. काल वॉर्डातून घरी आणलं, पण बाबांचे ओठ निळसर दिसतात.

निदान ती तुटलेली सातवी तरी जागेवर बसवू म्हणून नवी पट्टी कापायला घेतली. खाकी कागदावरची तेवढीच आकृती कात्रीत फाटलेली. पुन्हा माप घ्यायला वर गेले तर बाबा त्या कुशीला बोटही लावू देईनात. म्हणून स्वतःच्या छातीवर मोजलं. अदमासे. पट्टी कापली, बसवली, तार पिळली.

माझ्या डाव्या कुशीत काहीतरी थांबलं. दुखलं नाही. हात बधिर होतो तसं.

वर गेले. बाबा उठून बसले होते. कुशीतली कळ गेली म्हणाले. कधी? आत्ताच, पाच मिनिटं झाली.

१९ तारीख, मंगळवार

आज बाबांना आडवळणानं विचारलं, एकाच्या मापाचा कोट दुसऱ्याला बसवायचा तर काय करायचं. त्यांना बोलायला विषय मिळाला. एकेका शब्दामागे थांबत सांगितलं की सगळं एकदम उसवायचं नाही, घाट जातो. एक शिवण उसवायची, नव्या मापावर घ्यायची, मग पुढची.

एकूण वीस पट्ट्या. एक माझी झाली आहे. एकोणीस राहिल्या.

मला मरायचं नाही. हे इथं तरी खरं लिहिते. मला अडतिसावं लागलंय, मला नवी नोकरी लागलीय, मला इथल्या खिडक्या आवडतात. मी फार भित्री आहे. खाली जाताना पायऱ्या मोजत गेले आणि निम्म्यावरून परत आले. मग बाबांनी पाणी मागितलं. ‘पा’ म्हणाले, दम खाल्ला, ‘णी’ म्हणाले.

जुनी पट्टी फाटू न देता हळूच सोडवायची, लगेच माझ्या मापाची घालायची; संध्याकाळच्या आत अशा चार बसवल्या.

२० तारीख, बुधवार

दहा झाल्या. विचार होता इथंच थांबायचं. निम्मा माझा, निम्मा बाबांचा. दोघंही अर्ध्या श्वासावर जगू. माणसं अर्ध्या भाकरीवर जगतात की.

दुपारी थांबून पाहिलं. बाबा आधी बरे होते. मग पुन्हा ओठ निळे. पिंजरा अर्ध्यावर भागवत नाही. जिथं बाबा उरलेत — तिथून ओढतो.

जिना चढायला मला तीनदा बसावं लागलं. मोठ्या बाईंनी विचारलं, बरं नाही का. सर्दी, म्हणाले.

२१ तारीख, गुरुवार

चौदा.

बाबा दोन भाकऱ्या जेवले. आत्याबाईंना खऱ्या बरगड्यांत घेतलं — पत्र आलं त्यांचं म्हणून. मी हसले नाही. हसायला — लागतो तेवढा श्वास नव्हता. बाबा माझ्याकडे बघत राहिले. शिंप्याची नजर. समोरच्याचे खांदे कसे पडतात ते त्यांना — टेप न लावता कळतं.

म्हणाले, तुझी छाती हलत नाही गं.

थंडी, म्हटलं. शाल घेतली.

२२ तारीख, शुक्रवार

सतरा. काम हळू होतं. तार पिळायला दम लागतो. एक पीळ — थांबायचं — एक पीळ.

पिंजरा समोर आहे. आता तो माझ्या लयीत — नाही. मी त्याच्या.

किल्लीकाका आला होता. त्याने पक्कड हातातून घ्यायला पाहिली. हात जोडले त्याने. मी मान हलवली. रडत गेला. बाबांना सांगू नका, म्हटलं. सांगेल — असं वाटतं.

मला फार भीती वाटते. उजेडाची वाटते. सगळं स्पष्ट दिसतं.

२३ तारीख, शनिवार

सकाळ. अठरा.

मग एकोणीस — बसूनच. टेबलाला टेकून.

एक राहिली. उजवी दहावी. लहानच पट्टी. कापून ठेवली आहे.

खाकी कागद वर राहिला. बाबांच्या मशीनवर. त्यावर दोन रांगा — त्यांची मापं — शेजारी माझी. त्यांना वाचायला — चष्माही लागणार नाही.

जिन्यात पावलं. भरभर. एकदाही न थांबता — दोन-दोन पायऱ्या —

कडी लावली.

दार बडवतायत. ठकू, दार उघड. ठकू, सोड ते. माझं माप मला दे. मंगळवारी ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं — आणि आता अख्खी इमारत — एका दमात — काय आवाज —

भरल्या छातीनं —

तार घातली. पहिला पीळ —

ओरडा बाबा. थांबू नका. ओर—